बांबूचा कागद

मुलांच्या वहीचा कागद कोठून येतो, हें आपल्या शहरी घरांत सहसा कोणी विचारीत नाहीं. विदर्भांत त्याचें उत्तर दीर्घकाळ बांबूच्या रानांत होतें. गडचिरोली जिल्ह्यांतील मुलचेऱ्याचा मुलूख अशाच रानाचा.

बांबूचा कागद करणें एके काळीं मोठें अवघड मानीत. पेरांच्या गांठी शिजत नसत आणि लगदा काळपट निघे. डेहराडूनला १९०६ सालीं स्थापन झालेल्या सरकारी वनसंशोधन संस्थेंत विल्यम रेट यांनीं यावर तोड काढली. बांबू चिरडून घ्यावा, आधीं सौम्य क्षारांत शिजवून त्यांतील पिष्ट काढावें, आणि मग तीव्र क्षारानें लिग्निन विरघळवावें.

पण नव्या रीतींत पैसा घालण्यास भांडवलदार कचरत. म्हणून १९२५ सालीं सरकारनें परदेशी लिहिण्याच्या व छपाईच्या कागदावर रत्तलास एक आणा जकात बसविली. जकात मंडळानें भांडवली साहाय्यही सुचविलें होतें. तें मात्र नाकारलें गेलें. ग्राहकानें चार पैसे अधिक मोजावे, तिजोरीनें जोखीम घेऊं नये, असा तो हिशेब! गिरण्याही हुशार; परदेशी लगदा आणून त्याचाच कागद करूं लागल्या. १९३२ सालीं लगद्यावरही जकात आली, तेव्हां कोठें बांबूला मागणी वाढली. पुढें १९४५ सालीं बल्लारपूरची कंपनी निघाली. वर्धेचें पाणी, तेथलाच कोळसा, आगगाडी आणि चांद्याचा बांबू; आणखी काय हवें होतें?

प्रयोगशाळा, जकात आणि गिरणी यांचा सांधा सरकारनेंच जुळविला, हें मान्य केलें पाहिजे. पण बेटांतील कोणती काठी तोडावी व कोणती राखावी हें जाणणाऱ्या माणसाला त्यांत मजुरीपलीकडे स्थान नव्हतें. बांबू वस्तुतः गवत. १९२७ च्या वन कायद्यानें त्याला झाड ठरविलें. गिरणीशीं दीर्घ मुदतीचे करार झाले, बुरुडाला मात्र सुपापुरत्या काठ्यांसाठींही खात्याची परवानगी लागे.

२००६ च्या कायद्यानें बांबू गौण वनोपज ठरला. तरीही लेखा-मेंढ्याच्या ग्रामसभेला वाहतुकीच्या परवान्यांचें पुस्तक मिळालें तें एप्रिल २०११ मध्यें, आणि तेंही केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गांवीं आले तेव्हां.

हक्क मिळाला, तरी तोडलेल्या बांबूला भुंगा लागतोच. रेट यांनीं गिरणीकरितां काढून टाकलेलें पिष्ट हेंच त्या भुंग्याचें खाद्य. बांबू पाण्यांत भिजत ठेवून तें कमी करण्याची रीत जुनी आहे. मुलचेऱ्याला हवी आहे ती त्या रीतीवर पुढचें काम करणारी प्रयोगशाळा, आणि तिच्या दारापर्यंत जाणारी वाट.