महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरील पहिला आठवडा

(नागपूर येथे महाविद्यालयात नव्याने प्रवेश घेतलेले विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



मुलाचे नाव महाविद्यालयात दाखल झाले, फीची पावती हाती आली, म्हणजे आपले कर्तव्य संपले असे पुष्कळ पालकांना वाटते. पहिल्या आठवड्यात तेथे शिकविणे सुरू होत नाही, नुसती भाषणे व ओळखी होतात, असे कानी येते. मग आणखी आठ दिवस मुलगा कामावर जाऊन चार पैसे मिळवील, मुलगी घरी आईला हातभार लावील, असा विचार केला जातो. उमरेड-भिवापूरकडून एस. टी.ने येणाऱ्यास तर रोजच्या भाड्याचाही हिशेब करावा लागतो. हा विचार दारिद्र्यातून येतो, हे मी जाणतो. तथापि तो आपल्या मुलांच्या हिताचा नाही, हे आज आपणांस स्पष्टपणे सांगावयाचे आहे.

या प्रारंभीच्या कार्यक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘दीक्षारंभ’ असे नाव दिले व तो कसा घ्यावा याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. नागपूरकरांना दीक्षा या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या भूमीवर लाखोंनी नवा मार्ग स्वीकारला, तेथेच १९६४ साली महाविद्यालयही उभे राहिले. नवा मार्ग स्वीकारणे म्हणजे त्याचे नियम समजून घेणेही होय. महाविद्यालयाच्या मार्गालाही तेच लागू आहे.

परंतु हे नियम आपल्या मुलांना समजावून सांगणार कोण? ज्या घरात दोन-तीन पिढ्या पदवीधर आहेत, तेथे मुलाला ते जेवणाच्या पानावरच समजतात. कोणता विषय घ्यावा, ग्रंथालयातून पुस्तक कसे मिळवावे, प्राध्यापकास केव्हा भेटावे, हे त्याला वडील किंवा थोरली बहीण सांगते. त्याने पहिला आठवडा बुडविला तरी त्याचे फारसे अडत नाही. आपल्या घरातून प्रथमच महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला मात्र हे ज्ञान त्याच आठवड्यात मिळावयाचे असते. इतरांना जो केवळ समारंभ आहे, तो आपल्या मुलांचा हक्क आहे.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यांची बुद्धी असामान्य होती, परिश्रमाला सीमा नव्हती. परंतु पुढील शिक्षणाला पैसा नव्हता. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव गायकवाड महाराजांशी त्यांची भेट घालून दिली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एवढ्या मोठ्या पुरुषालाही दार दाखविणारा एक वडीलधारा लागला! आज प्रत्येक मुलाला केळुसकर गुरुजी भेटतीलच असे नाही. म्हणूनच नवागतांचे लहान गट करून प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक प्राध्यापक द्यावा, अशी या कार्यक्रमाची योजना आहे. त्या दिवसांत जो हजर राहतो, त्याचा चेहरा प्राध्यापकांच्या ओळखीचा होतो. जो गैरहजर राहतो, त्याचे नुसते नाव यादीत राहते.

दुसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. बौद्धांचा अनुसूचित जातींच्या केंद्रीय आदेशात समावेश होण्यास मात्र १९९० साल उजाडावे लागले. इतक्या झगड्याने मिळालेला हक्क केवळ अर्जाची मुदत टळल्यामुळे गमवावा काय? शिष्यवृत्तीचा अर्ज आता संगणकावर भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, यांपैकी एकाची उणीव राहिली तरी अर्ज अडतो. ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पहिल्याच आठवड्यात कार्यालयात जाऊन चौकशी केली, तर राहिलेला कागद जमविण्यास वेळ मिळतो.

तिसरी गोष्ट अभ्यासाची. लेखी परीक्षेखेरीज अंतर्गत मूल्यमापनाचेही गुण असतात, उपस्थितीचेही नियम असतात. ज्याला हे परीक्षेच्या तोंडावर कळते, त्याचे अर्धे सत्र वाया गेलेले असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजीच्या भीतीने मागील बाकावर लपून बसू नये. ज्या दिवसांत सर्वच नवखे असतात, त्या दिवसांत प्रश्न विचारण्यास लाज कसली?

चौथी गोष्ट स्वाभिमानाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी रॅगिंगला बंदी केली. २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, वर्ण इत्यादींवरून केलेला शारीरिक वा मानसिक छळही रॅगिंगच ठरविला. यासाठी १८००-१८०-५५२२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. जातीवरून भेदभाव होऊ नये म्हणून २०१२ च्या नियमांनी संस्थांमध्ये समान संधी कक्ष असावा असे ठरविले. आपल्या महाविद्यालयात हा कक्ष कोठे आहे, तक्रार कोणाकडे द्यावयाची, हे पहिल्याच आठवड्यात विचारून वहीत लिहून ठेवा. अपमान झाल्यानंतर, गोंधळलेल्या मनाने ते शोधावे लागू नये.

पालकहो, तेवढे आठ दिवस मुलाला मोकळे ठेवा. पालकांची सभा असेल तर मजुरी बुडाली तरी माता-पित्यांपैकी एकाने जावे. विद्यार्थ्यांनो, जेथे असा कार्यक्रम होत नसेल तेथे चार जणांनी मिळून प्राचार्यांकडे तो मागा. आणि जे आपल्या वस्तीतून पूर्वीच महाविद्यालयात गेले आहेत, त्यांना माझे सांगणे आहे: या आठवड्यात शेजारच्या एका नव्या मुलाला वा मुलीला बरोबर घेऊन जा. त्यांना ग्रंथालय दाखवा, कार्यालयाची खिडकी दाखवा, आपली जुनी पुस्तके द्या. तुम्हांला जे एकट्याने शोधावे लागले, ते त्यांना शोधावे लागू नये.

जय भीम!