शाल घेतली, पण हिशेब ग्रामसभेत

(वर्सोव्याला मदतनिधी गोळा करायच्या कार्यक्रमात आपल्या पाड्यांवरच्या तीन कार्यकर्त्यांचा सत्कार झाला. त्या वेळी वनहक्क समितीच्या सचिव बाईंनी केलेलं भाषण. बोलल्या तसंच उतरवलं आहे.)

शाल दिली, नारळ दिला, टाळ्या वाजवल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी सातवीपर्यंत शिकले. आजपर्यंत सरकारी कागदावर माझ्या घराचं नाव चढलं ते अतिक्रमणवाले म्हणून. आज ते फुलांच्या पाटीवर आहे.

पण ही शाल घ्यायची की नाय, यावर आमच्या ग्रामसभेत दोन रात्री वाद झाला. एक म्हणाला, काम सगळ्या पाड्याचं, सत्कार तिघांचा का? दुसरी म्हणाली, शहरातले लोक फोटो काढतील, आणि आपण गरीब दिसायचं. आमचे म्हातारे बाबा, जे आज माझ्या शेजारी बसलेत, ते म्हणाले, जाऊन सांगून या आपण काय काम करतो ते, मग त्यांना ठरवू द्या सत्कार कशाचा करायचा. म्हणून आलो.

तर काम काय, ते सांगते.

२००६ साली वनहक्काचा कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी जंगलजमीन कसतोय, त्याचा हक्क मान्य करायचा, चार हेक्टरपर्यंत, आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं. हे दोघांच्या नावाचं मी प्रत्येक बैठकीत दोनदा वाचते. दावा मंजूर करायची पहिली बैठक ग्रामसभेची. पण पुरावा दाखवा, असं म्हणतात. आमच्याकडे कसला पुरावा? सातबारा नाय, खरेदीखत नाय.

मग हे बाबा उठले. घरातल्या पत्र्याच्या पेटीतून एक पुरचुंडी काढली. आत पावत्या. दंडाच्या. प्लॉटावर नांगर धरला म्हणून जंगलखात्यानं वेळोवेळी केलेला दंड. त्यांच्या बापाच्या नावाच्याही होत्या, कडा वाळवीनं खाल्लेल्या. पैसे भरले, मार खाल्ला, कोंबडी गेली, पण पावती कुणी फेकली नाय. का ठेवली विचारलं तर म्हणतात, साहेबाचा कागद आहे, असू दे. आणि कायद्याच्या नियमात तेराव्या कलमात लिहिलंय की असे सरकारी कागद पुरावा म्हणून धरायचे. ज्या कागदानं आम्हांला चोर ठरवलं, त्यानंच सिद्ध केलं की आम्ही तिथंच होतो. त्या रात्री पाड्यात घरोघर पेट्या उघडल्या. ज्यांच्याकडे पावती नाय, त्यांच्यासाठी म्हाताऱ्यांचे जबाब. तेही नियमात चालतात. कुठली विहीर कुणाच्या आज्यानं खणली, कुठल्या आंब्याखाली कुणाला पुरलं, कुठल्या शेतात नागली आणि कुठल्या शेतात वरई. बाबा सांगत होते, मी लिहीत होते, आणि हा तिसरा सत्कारवाला पोरगा जीपीएसचं यंत्र घेऊन बांधाबांधानं चालत होता.

नंतरची गोष्ट वाईट आहे. एका कचेरीत आमची फाइल गहाळ झाली. दिलीच नव्हती म्हणाले. आमच्याकडे पोच होती म्हणून वाचलो. पुन्हा सगळं लिहिलं. कचेरीची एक खेप म्हणजे गाडीभाडं आणि एक दिवसाची मजुरी गेली. घरचे विचारतात, तुला यात मिळतं काय? त्याला आजही माझ्याकडे उत्तर नाय.

हे आजचं नाय. १९४५ साली आमच्याच मुलखात झरीचा माह्या धांगडा टिटवाळ्याच्या किसान परिषदेत उभा राहून वेठीबद्दल बोलला. गोदावरी परुळेकर आल्या, लालबावटा आला, वेठबिगारी मोडली. त्याच साली १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड गेला. त्याला शाल कुणी दिली नव्हती.

मुंबईचे लोक वाईट नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून लाँग मार्च आला. दहावीची परीक्षा आहे, पोरांची गाडी चुकेल, म्हणून मोर्चा रात्रीच आझाद मैदानाकडे चालत गेला. रस्त्यात लोकांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, पायात चपला घातल्या. कुणी कुणाचं नाव विचारलं नाय. आणि याच मुंबईत ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेची दोन हजारांवर झाडं पडली, मेट्रोच्या कारशेडसाठी. तिथं आमचे वारली पाडे आहेत. आम्ही आज इथं मेट्रोनंच आलो, तेही सांगून टाकते. ती मार्गिका दुसरी, पण डब्यात बसल्यावर मनात आलंच.

कोळी मावश्यांना वेगळं सांगायला नको. मासळी सुकवायची जागा बापजाद्यांची, आणि कागद मागितला की हात रिकामे. कोळीवाड्याचं सीमांकन मागता मागता तुमच्याही पिढ्या गेल्या.

आता पैशाचं. ग्रामसभेनं काय ठरवलं ते वाचते. एक, रक्कम आम्हां तिघांना नको, ग्रामसभेच्या खात्यात द्या. दोन, खर्च गाडीभाडं, झेरॉक्स, मोजणी आणि अपिलासाठी. दावा नाकारल्याचं कळलं की साठ दिवसांत अपील करावं लागतं, तेव्हा उसने पैसे शोधत बसता येत नाय. तीन, गावात देणगीदाराची पाटी लागणार नाय. चार, आमच्या पोरांचे फोटो कुठल्या कागदावर छापायचे नाहीत.

आणि पाचवं बोलायला मला जड जातंय, पण ग्रामसभेनं बोलायला लावलंय. आमच्याकडे फार्महाऊस पुष्कळ झालीत. १९७४ च्या कायद्यानं आदिवासीची जमीन सरकारच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाय. तरी कुणाच्या तरी नावानं घेतली जाते. इथं कुणाकडे तशी जमीन असेल, तर त्यांनी आज पाकिटात काही घालू नये. ती जमीन परत कशी करायची ते आमचा पोरगा सांगेल, त्याच्याकडे अर्जाचा नमुना आहे.

रागावू नका. टाळ्या थांबल्या, ते मला दिसतंय.

शाल मी घरी नेणार नाय. ती ग्रामसभेच्या पेटीत, त्या पावत्यांवर घालणार. वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालतो आम्ही, वर ही राहील. जे पैसे जमतील त्याचा हिशेब ग्रामसभेत मोठ्यानं वाचला जाईल. ज्यांना ऐकायचाय त्यांनी या. डहाणू लोकलनं यायचं, पुढं एसटी, पुढं थोडं चालायचं. नागलीची भाकर मिळेल.

आमची गाडी अंधेरीहून आहे, निघते. जोहार, जिंदाबाद.