महारोहिणीवरील उपचारानंतरची दक्षता

पोटातील महारोहिणीला आलेला फुगा फुटल्यास प्राणावर बेतते. १९९० मध्ये ब्युनॉस आयर्स येथे डॉ. हुआन पारोदी यांनी पोट न उघडता, जांघेतील रोहिणीवाटे आत कृत्रिम नळी बसविली. मात्र अशा नळीबाहेरून फुग्यात रक्त झिरपून त्यावरील दाब कायम राहू शकतो. नळीच्या टोकांशी वा सांध्यांतून होणारी गळती त्वरित बंद करणे अगत्याचे. त्यासाठी बहुधा आतून जोडनळी घालतात. लहान उपशाखांतून उलट येणारे रक्त अनेकदा आपोआप थांबते. फुगा वाढू लागल्यास त्या शाखा तारेच्या वेटोळ्यांनी बुजवितात. गळती पुष्कळदा वेदनेवाचून होते. म्हणून बरे वाटत असले तरी पहिल्या महिन्यानंतर व पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा सीटी स्कॅन वा सोनोग्राफी करून घेणे, हा उपचाराचाच उत्तरार्ध होय.