मधुमेहाचे मूळ शोधताना

(परळ येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परळमध्ये उभे राहून ‘के. ई. एम.’ ही अक्षरे उच्चारली की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच वास्तू येते. १९२६ साली सुरू झालेले महापालिकेचे हे रुग्णालय लालबाग-परळच्या कष्टकऱ्यांना आपल्या घराइतकेच परिचयाचे आहे. तथापि मी आज ज्या के. ई. एम.मधील संशोधनाविषयी बोलणार आहे, ते रुग्णालय पुण्याच्या रास्ता पेठेत आहे. ते १९१२ सालचे. नाव एक, संस्था दोन. हा खुलासा प्रारंभीच केलेला बरा.

दुसरा खुलासा माझ्याविषयीचा. मी कलाशाखेचा पदवीधर. शासनाच्या माहिती खात्यात नोकरी करताना शास्त्रज्ञांचे सांगणे सोप्या मराठीत उतरवून घेण्याचे काम वाट्याला येते, एवढाच माझा या विषयाशी अधिकार. पण आणखीही एक नाते आहे. माझे वडील लालबागच्या चाळीत राहून गिरणीत काम करीत. अंगकाठी इतकी सडपातळ की सदऱ्यातून खांद्याची हाडे दिसत. चाळिशीतच त्यांना मधुमेह झाल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा शेजारीपाजारी हसले. “अहो, हा तर बसून खाणाऱ्या शेठजींचा रोग! तुम्हांला कसली साखर?” असे ते म्हणत. वडिलांनाही ते पटले आणि औषधाची हयगय झाली. त्याची किंमत त्यांच्या डोळ्यांनी आणि पुढे पायाने मोजली. सडपातळ, कष्टाळू माणसाला हा रोग का व्हावा, हा प्रश्न त्या वेळी आमच्या घरात कोणी विचारला नाही. पुण्यातील एका संशोधकाने मात्र तो विचारला आणि त्याच्या उत्तरासाठी आपले आयुष्य वेचले. ते संशोधक म्हणजे डॉ. चित्तरंजन याज्ञिक.

त्यांच्या कार्याकडे वळण्यापूर्वी इन्शुलिन म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचे एक इंद्रिय आडवे पसरलेले असते. त्यात बेटांसारखे विखुरलेले पेशींचे लहान लहान पुंजके १८६९ साली पॉल लँगरहान्स या जर्मन संशोधकाने पाहिले. या बेटांतील बीटा पेशी रक्तातील साखरेचा अंदाज घेऊन तितक्याच प्रमाणात इन्शुलिन स्रवतात. इन्शुलिनमुळे रक्तातील साखर स्नायूंमध्ये शिरते आणि तिची शक्ती होते. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी हे द्रव्य मिळविले, कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने ते शुद्ध केले आणि १९२२च्या जानेवारीत एका चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. तोवर अशा मुलांपुढे मृत्यूवाचून दुसरी वाट नव्हती.

मोठेपणी जडणाऱ्या मधुमेहाचा प्रकार थोडा निराळा आहे. तेथे इन्शुलिन असते, पण स्नायू व यकृत त्याला पुरेशी दाद देत नाहीत. मग बीटा पेशींना अधिक इन्शुलिन स्रवावे लागते. एखाद्या कोठीवाल्याकडे पंगतीत दुप्पट माणसे आली तर तो काही काळ निभावून नेतो, पण कोठीच मुळात लहान असेल तर ती लवकर रिकामी होते. तसेच येथे घडते. एका बाजूला मागणी वाढते, दुसऱ्या बाजूला पुरवठ्याची ताकद कमी पडते आणि रक्तातील साखर चढू लागते. पाश्चात्त्य देशांत मागणी वाढण्याचे मुख्य कारण लठ्ठपणा मानला गेला. आमच्याकडच्या कृश माणसाला ते कारण कसे लागू पडावे?

डॉ. याज्ञिक यांचे वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात झाले. पुढे इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांनी मधुमेहावर संशोधन केले. तेथे राहणे त्यांना अशक्य नव्हते, पण ते पुण्यास परतले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी नव्याने मधुमेह झालेल्या रुग्णांची पद्धतशीर तपासणी आरंभिली. पेशाने ते वैद्य असले तरी त्यांच्या कामाचा पाया जीवरसायनशास्त्राचा आहे. रक्तातील साखर, इन्शुलिन आणि जीवनसत्त्वे यांचे काटेकोर मोजमाप हेच त्यांचे मुख्य साधन. या मोजमापातून असे दिसले की, पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत वर्णिलेल्या रुग्णांपेक्षा पुण्याचे रुग्ण वयाने लहान आणि अंगाने सडपातळ आहेत. मात्र त्यांची चरबी पोटाभोवती साठलेली आहे.

पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक एकच, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! काट्यावर दोघे सारखे, पण आतून निराळे. ‘सडपातळ तरी स्थूल’ अशा भारतीय देहाची ओळख जगाला याहून सोप्या रीतीने करून देता आली नसती.

मग प्रश्न उरला, हा देह असा घडतो केव्हा? याच सुमारास इंग्लंडमध्ये डॉ. डेव्हिड बार्कर एक नवे मत मांडीत होते. हर्टफोर्डशायर या परगण्यात १९११ पासून परिचारिकांनी जन्मलेल्या प्रत्येक बालकाचे वजन वह्यांत टिपून ठेवले होते. त्या वह्या बार्कर यांच्या हाती आल्या. ती बालके आता म्हातारी झाली होती. त्यांची तपासणी केल्यावर १९९१ साली असे प्रसिद्ध झाले की, जन्मतः वजन कमी असलेल्यांत उतारवयात मधुमेहाचे प्रमाण अधिक आहे. येथे उपस्थित असलेल्या ग्रामसेवकांना व शिक्षकांना मी मुद्दाम सांगू इच्छितो की, विज्ञानाच्या इतिहासातील हे महत्त्वाचे पान प्रयोगशाळेत नव्हे, तर नेटकेपणाने भरलेल्या साध्या नोंदवहीत सापडले. आपण भरता त्या जन्माच्या आणि वजनाच्या नोंदींचे मोल आजच कळेल असे नाही, पन्नास वर्षांनी कळेल.

बार्कर आणि त्यांच्या सहकारी डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या साहाय्याने डॉ. याज्ञिक यांनी १९९३ साली पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत माता-पोषणाचा अभ्यास हाती घेतला. पुण्याच्या के. ई. एम.च्या डॉ. बानू कोयाजी यांनी वढू परिसरात ग्रामीण आरोग्याचे काम पूर्वीच उभे केले होते, त्यामुळे संस्थेला खेडे परके नव्हते. प्रदेश अवर्षणाचा, स्त्रिया शेतात राबणाऱ्या. त्या काय खातात, किती कष्ट करतात, हे गर्भारपणात मोजण्यात आले. सुमारे ८०० गर्भारपणांची नोंद झाली. ज्या गिरणगावात आपण आज बसलो आहोत, ते गिरणगाव अशाच घाटावरच्या आणि कोकणातल्या खेड्यांतून आलेल्या माणसांनी वसविले. म्हणून त्या सहा गावांची कथा ही आपलीही कथा आहे.

काय आढळले? या बालकांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पुण्याचे बाळ जवळजवळ सर्वच मापांत लहान भरले. पोटाचा घेर व दंड यांत उणीव सर्वाधिक होती. परंतु पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, कातडीच्या आतली चरबी मात्र बरीचशी टिकून होती. दुसऱ्या एका अभ्यासात पुण्याच्या व लंडनच्या बालकांच्या नाळेतील रक्ताची तुलना झाली. वजनाने हलक्या असलेल्या पुण्याच्या बालकांत इन्शुलिनचे प्रमाण अधिक निघाले. म्हणजे ज्या देहरचनेला आपण चाळिशीचा दोष समजत होतो, तिची खूण पाळण्यातच दिसत होती.

अभ्यास येथे थांबला नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य. सहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी आणि अठराव्या वर्षी ती मुले पुन्हा तपासण्यात आली. खेड्यातील कुटुंबांनी पिढीभर दाखविलेला हा विश्वास मला कोणत्याही यंत्रसामग्रीहून मोठा वाटतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेला अठराव्या वर्षाचा निष्कर्ष चिंता वाटावी असा आहे. या ग्रामीण तरुणांपैकी सुमारे ३७ टक्के पुरुषांत आणि १८ टक्के स्त्रियांत रक्तातील साखर मर्यादेबाहेर गेली होती. त्यांतील बहुतेक पूर्वमधुमेहाच्या अवस्थेत होते. आणि ही मुले लठ्ठ नव्हती, उलट किडकिडीतच होती. ज्यांची वाढ मातेच्या उदरात खुंटली होती, त्यांच्या बीटा पेशी वाढत्या मागणीला पुरेशा पडत नव्हत्या. कोठी मुळातच लहान होती. माझ्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले.

आता कोणी म्हणेल, मग दोष मातेचा काय? असा अर्थ कृपा करून काढू नये. जी स्त्री पहाटेपासून पाणी वाहते, शेतात राबते आणि सर्वांचे झाल्यावर उरलेले खाते, तिला दोष देणे हा अन्याय होय. याच अभ्यासात असे दिसले की, अधिक श्रम करणाऱ्या गर्भवतींची बाळे लहान होती आणि ज्यांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, दूध व फळे होती त्यांची बाळे मोठी होती. सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळते. ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फॉलिक आम्ल जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. यावरून लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या बंद कराव्यात असे मुळीच नाही. त्या गर्भवतीला हव्यातच. सांगणे इतकेच की, पोषण हे एका गोळीने पुरे होत नाही, त्यात समतोल हवा. याच विचाराने पुढे डॉ. याज्ञिक यांनी त्या गावांतील वयात आलेल्या मुलामुलींना बी-१२ देण्याचा प्रयोग केला. पुढच्या पिढीची काळजी आईबाप होण्यापूर्वीच घ्यावी, हा त्यामागील हेतू.

पुण्याच्या या निष्कर्षातून मुंबईतही एक प्रयोग निघाला. येथील झोपडपट्ट्यांतील ६,५०० हून अधिक स्त्रियांना, गर्भ राहण्यापूर्वीपासून, दररोज एक खाद्यपदार्थ देण्यात आला. काहींच्या पदार्थात पालेभाज्या, दूध व फळे होती. काहींच्या पदार्थात बटाटा, कांदा यांसारख्या कमी सत्त्वाच्या भाज्या होत्या. डॉ. रमेश पोतदार व डॉ. फॉल यांच्या या कामाचे फळ संमिश्र होते आणि ते तसेच सांगितले पाहिजे. सर्व स्त्रिया मिळून पाहता बालकांच्या वजनात लक्षणीय वाढ झाली नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधी तो पदार्थ खाण्यास प्रारंभ केला, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमनी जड भरली. मात्र गर्भारपणी होणाऱ्या मधुमेहाचे प्रमाण सकस पदार्थ खाणाऱ्यांत ७.३ टक्के, तर इतरांत १२.४ टक्के होते. मूठभर भाजी, थोडे दूध आणि फळ, यांचे हे सामर्थ्य!

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्यांना औषध पुरविणे हे कर्तव्य आहेच. पण औषधाची रांग दर पिढीला वाढत राहावी काय, याचा निर्णय रुग्णालयात होणार नाही. तो शाळेत, अंगणवाडीत आणि पंचायतीच्या सभेत व्हावयाचा आहे.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की, आठवी-नववीतील मुलीच्या डब्यात काय आहे, याकडे तिच्या गुणपत्रिकेइतकेच लक्ष द्यावे. बीटा पेशींचे पाठ मुलांना द्यावेत, आणि सडपातळ माणसालाही मधुमेह होतो, हे त्यांच्यामार्फत घरोघर पोहोचवावे. पंचायत सदस्यांनी आपल्या गावात पाण्यासाठी गर्भवतीला किती चालावे लागते, हे एकदा स्वतः चालून पाहावे. अंगणवाडीतील वजनाचा काटा चालू आहे ना, हेही पाहावे. आणि आम्ही कचेरीत बसणाऱ्यांनी पोषणाच्या तक्त्यातील प्रत्येक आकडा म्हणजे एक घास आहे, हे विसरू नये.

मुलींना शेवटी जेवायला बसविण्याची रीत आपल्या घरांत अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. पुण्याच्या त्या सहा खेड्यांनी तीस वर्षे आपले रक्त आणि आपला वेळ देऊन शास्त्राला जे सांगितले, त्याचे सार मी माझ्या शब्दांत सांगतो. घरातील मुलीला पहिल्या पंगतीत बसवा. तिच्या ताटात जे पडते, त्यावर तिच्या मुलाच्या चाळिशीतले आरोग्य अवलंबून आहे.