सही येते, पण कागद वाचता येतो का?

आज एका सहीची गोष्ट सांगते. त्यात माझीही चूक आहे, म्हणून आधी तीच सांगते.

मी आमच्या गावच्या बचत गटाची सचिव. गट निघाला तेव्हा बँकेत खातं उघडायचं होतं. अंगठा लावायला बायांना लाज वाटायची. मी घरोघरी जाऊन सगळ्यांना सही शिकवली. आमच्या एका काकूंनी तर दोन दिवस पाटीवर नाव गिरवलं आणि तिसऱ्या दिवशी बँकेत झोकात सही केली. मला वाटलं, आपला गट साक्षर झाला! त्यानंतर वही, ठराव, पासबुक सगळं मीच लिहायची आणि मीच वाचून दाखवायची.

दोन वर्षांपूर्वी काकूंच्या शेजारणीनं बाहेरून कर्ज काढलं. वसुलीवाला माणूस कागद घेऊन आला आणि म्हणाला, "इथं एक सही करा." काकूंनी केली. ती जामीनदाराची सही होती. पुढं शेजारीण कामासाठी परगावी गेली आणि हप्त्याचा तगादा काकूंच्या दारात आला. दोन बकऱ्या विकाव्या लागल्या.

काकू मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोरी, तू मले सही शिकवली, वाचाले नाही शिकवलं. अंगठा असता तं कोनाले तरी विचारलं असतं, कागदात काय हाय म्हनून."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. वाचता न येणारीला नुसती सही येणं म्हणजे कुलूप न लावता दार लोटून घेण्यासारखं आहे. बाहेरून बंद दिसतं, पण कोणीही आत येतं.

आपला हा जिल्हा जिजाऊंचा. तरी २०११ च्या जनगणनेत इथल्या साधारण चार बायांमागे एक निरक्षर होती. सही करणाऱ्या पण कागद न वाचू शकणाऱ्या मोजल्या, तर किती निघतील?

"आता या वयात काय शिकायचं?" असं आपण म्हणतो. त्यांच्यासाठी फांगणे गावाची हकिकत सांगते. हे गाव ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात आहे. शिवजयंतीच्या वेळी तिथल्या म्हाताऱ्या बायांनी बोलून दाखवलं की आम्हालाही वाचता आलं असतं तर किती बरं झालं असतं. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतलं आणि ८ मार्च २०१६ ला, महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडं नेसून, दप्तर-पाटी घेऊन निघाल्या. वर्ग दुपारी, घरकाम आटोपल्यावर. शिकवणारी गावातलीच सून, आणि तिची सासूही वर्गात बसलेली!

यात दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. वेळ बायांच्या सोयीची होती आणि शिकवणारी घरची होती. जोतीराव फुल्यांनीही १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीचीच, कारण दिवसा ते कामावर असायचे. आफ्रिकेतल्या कित्येक खेड्यांत प्रौढांचे वर्ग चर्चमध्ये भरतात. प्रार्थनेला बाया तिथं येतातच, जागा ओळखीची असते, घरचे अडवत नाहीत. आपल्याकडं मंदिराचा सभामंडप आहे, बुद्धविहार आहे, समाजमंदिर आहे. आणि गटाची बैठक तर आहेच.

आता दुसरी बाजू. १९५९ साली साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावंच्या गावं शिकायला बसली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. पुढं ती राज्यभर गेली, तिचं मोठं नाव झालं. पण वर्ग बंद झाल्यावर कित्येकांची अक्षरं पुसली गेली, कारण वाचायला हातात काही उरलं नाही. कोयत्याला धार लावून माळ्यावर टाकला तर तो गंजणारच. अक्षराचंही तसंच.

म्हणून आम्ही गटात वेगळा वर्ग काढलाच नाही. आपली पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. त्या लेख्यांतच वाचन घातलं. दर बैठकीत पहिली पंधरा मिनिटं प्रत्येकीनं आपलं पासबुक स्वतः वाचायचं. आधी नाव, मग तारीख, मग आकडा. नंतर घरातले शब्द घेतले: मीठ, घर, बस, कापूस. "कापूस" एकदा फोडला की का, पू, स हाती लागतात. मग रेशनकार्ड, एसटीची पाटी, औषधाच्या बाटलीवरची तारीख.

सगळं सुरळीत झालं असं नाही. सोयाबीन सोंगणीत महिनाभर खंड पडला. एकीचं डोळ्याला दिसत नव्हतं. ती आठवड्यामागून आठवडे गप्प बसली, आम्हाला वाटलं तिला येत नाही. चष्मा लागल्यावर ती सगळ्यांच्या पुढं गेली. जोडाक्षरं अजून अडतात.

पण मागच्या महिन्यात काकूंनी माझ्या हातातली ठराव वही ओढून घेतली. बोट ठेवून सावकाश वाचलं आणि म्हणाल्या, "हे माह्या नावावर पाचशे कायचे?" आकडा माझाच चुकला होता, शेजारच्या ओळीतला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

सरकारचा उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमही सुरू आहे. पंधरा वर्षांपुढची कोणतीही निरक्षर बाई त्यात नाव नोंदवू शकते. शिकवणारे स्वयंसेवक असतात. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी दीडशे गुणांची परीक्षा होते आणि पास झालेल्यांना प्रमाणपत्र मिळतं. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत गुरुजींना विचारा.

या आठवड्याच्या बैठकीत एवढंच करा. सचिवताई, वही तुम्ही वाचू नका, बायांच्या हातात द्या. वेळ लागेल, लागू द्या. आणि बाकीच्यांनी एक ठरवा: जो कागद मला वाचता आला नाही किंवा माझ्या विश्वासाच्या माणसानं वाचून दाखवला नाही, त्यावर माझी सही नाही. समोरचा घाई करत असेल, तर त्याला चहा द्या, पण सही देऊ नका.