नमुन्याच्या रणगाड्याचा पट्टा



सातारा जिल्ह्यांतील गांवोगांवच्या घरांतून फौजेंत गेलेल्या माणसांची परंपरा मोठी आहे. तेव्हां शिरवळसारख्या गांवीं एखाद्या मुलानें, आपले आजोबा ज्या रिसाल्यांत होते त्याच्या रणगाड्याची प्लॅस्टिकची लहान प्रतिकृति जोडावयास घेतली, तर त्यांत नवल नाहीं. पण काम सुरू होतांच एक प्रश्न उभा राहतो. रणगाडा ज्यावर चालतो तो पट्टा, म्हणजे ट्रॅक, कोणत्या जातीचा घ्यावा? पेटींतला पुरे, कीं निराळे पैसे मोजून दुसरा आणावा?

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. खरा सेंच्युरियन रणगाडा सुमारें ५० टनांचा. १:३५ या प्रमाणांतील त्याची प्रतिकृति तळहातावर पेलते. तें ओझें डोळ्यांना पटविण्याचें काम मुख्यतः पट्टाच करतो. पोलादी पट्टा स्वतःच्या भारानें झोळ घेतो. जेथें झोळ हवा तेथें तो नसेल, तर बाकीची कारागिरी कितीही सुबक असली तरी गाडी पोकळ दिसते. आणि ज्यानें रणगाडा चालविला आहे, पट्टा स्वतःच्या हातांनीं ताणला आहे, त्याची नजर प्रथम तेथेंच जाते.

बाजारांत या पट्ट्यांच्या मुख्य जाती चार. पहिली, रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकच्या अखंड पट्ट्याची. ती स्वस्त असते व घडीभरांत चढते. परंतु ती ताणून बसते, झोळ पडत नाहीं. रंग कालांतरानें सुटतो. आणि असल्या कांहीं पट्ट्यांतील तेलकट द्रव्य वर्षानुवर्षांच्या स्पर्शानें चाकांचें कडक प्लॅस्टिक विरघळवितें. दुसरींत खालवर लांब तुकडे आणि टोकांच्या चाकांभोंवतीं वळविण्यास सुट्या कड्या असतात. वरच्या तुकड्यांत झोळ बहुधा साच्यांतच घडविलेला असतो. तिसरी सर्वस्वीं सुट्या कड्यांची. टी-३४ या रशियन रणगाड्याच्या एका बाजूस ७२ कड्या, टी-५५ च्या सुमारें ९०. इतक्या कड्या दोन्ही बाजूंसाठीं कापावयाच्या, घासावयाच्या व जोडावयाच्या, म्हणजे कित्येक संध्याकाळचें काम आहे. चौथी जात तारेनें ओवलेल्या ओतीव धातूच्या कड्यांची. ती आपल्या वजनानेंच झोळ घेते व घासली कीं पोलादासारखी चकाकते. मात्र ती महाग, आणि तिच्या भारानें प्लॅस्टिकचे कच्चे आंस वांकतात.

मग निवड कशी करावी? माझें म्हणणें असें कीं, आधीं खरा रणगाडा पाहावा आणि मग पैशांची पिशवी सोडावी. टी-५५ ला पट्टा वर उचलून धरणारीं लहान चाकें नाहींत. पट्टा थेट मोठ्या चाकांच्या माथ्यावर निजतो आणि मधल्या मोकळ्या जागेंत खालीं उतरतो. येथें ताठ पट्टा उघड खोटा दिसतो. म्हणून सुट्या कड्यांचे श्रम किंवा धातूचा खर्च सार्थकीं लागतो. १९६५ सालीं असल उत्तर येथें डेक्कन हॉर्स या रिसाल्यानें ज्यांतून लढाई केली, त्या शर्मन रणगाड्याची गोष्ट निराळी. त्याच्या कड्यांच्या सांध्यांत रबर असतें, वर लहान चाकें असतात, आणि दात्यांचें चाक पुढें असल्यामुळें पुढें जातांना वरचा पट्टा ओढला जातो. तेथें मऊ अखंड पट्टाही शोभतो. सेंच्युरियनच्या बाजूंस पुष्कळदां पोलादी पत्रे असतात आणि पट्ट्याचा वरचा भाग त्यांमागें झांकला जातो. जें दिसणारच नाहीं त्यासाठीं मुलाच्या खाऊचे पैसे कां घालवावेत? पत्रे काढलेला रणगाडा करावयाचा असेल, तर मात्र दुसऱ्या जातीचा विचार करावा.

स्वस्त पट्टाच हातीं असला तरीही निराश होऊं नये. गाडीच्या अंगांत चाकांच्या वर बारीक भोंकें पाडून त्यांत टांचण्या खोंवाव्या, म्हणजे पट्टा मध्यें दाबून धरतां येतो. ओबडधोबड जमिनीच्या देखाव्यावर गाडी ठेवावयाची असेल, तर हलत्या कड्यांचा पट्टा घ्यावा. तो उंचसखल जमिनीबरोबर वळतो.

खरे रणगाडे पाहण्यास शिरवळाहून पुण्यामार्गें अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास जावें. तेथें १९९४ सालीं स्थापन झालेलें रणगाडा संग्रहालय आहे. तेवढी सवड नसेल, तर रस्त्याच्या कामावरील एखादें पोकलेन यंत्र दुरून न्याहाळावें. त्याचा पट्टा कोठें सैल व कोठें ताठ आहे, तें पाहावें. पोलादाचें वजन कसें दिसतें हें कोणत्याही पुस्तकापेक्षां तेथें लौकर कळतें.

असल उत्तरच्या लढाईंत पाणी सोडलेल्या उसाच्या शेतांत पॅटन रणगाडे रुतले, हें आपल्या बागाईत भागांतील शेतकऱ्यास समजावून सांगावें लागत नाहीं. रणगाड्याचें सारें सामर्थ्य त्याच्या पट्ट्याखालच्या जमिनीवर अवलंबून असतें. ही जाणीव ज्याच्या हातच्या लहानशा प्रतिकृतींत उतरली, त्यानें पट्टा स्वस्त घेतला काय किंवा महाग घेतला काय, त्याची निवड योग्यच झाली असें समजावें.