चांद्याचा नाताळ

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत नाताळ दोन वाटांनी आला. पहिली वाट स्कॉटलंडची. तिथल्या एपिस्कोपल चर्चचं मिशन एकोणिसाव्या शतकातच चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, पोचलं. गंमत बघा, खुद्द स्कॉटलंडात नाताळची सरकारी सुट्टी मिळू लागली ती १९५८ साली!

दुसरी वाट केरळची. तिथल्या सिरो-मलबार पंथाच्या चांदा धर्मप्रांताचं मुख्य चर्च बल्लारपूरला आहे. या पंथाची रीत अशी, की १ डिसेंबरपासून मांसमच्छी वर्ज्य. मग नाताळच्या रात्री चर्चबाहेर क्रुसाच्या आकाराच्या खड्ड्यात शेकोटी पेटते, भाविक तिच्यात धूप टाकतात. बेथलेहेमचे मेंढपाळ थंडीत असेच शेकत बसले होते, ही त्यामागची कल्पना. उपास सुटतो तो अप्पम आणि मटण स्टूवर.